६५ हजारांचं एस्टिमेट की साडेबारा हजारांचा हप्ता?

रत्नागिरीहून एका शिक्षक वाचकांनी विचारलंय. त्यांची पेट्रोल वॅगनआर जून २०१२ ची, १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली. गॅरेजवाल्याने ६५ हजारांचं एस्टिमेट हातात दिलंय. शोरूमवाला म्हणतो, जुनी ८० हजारांना लावून घेतो, नवी ऑन-रोड ७ लाख ३० हजारांना पडेल. पदरचे ५० हजार घातले की उरतं ६ लाखांचं कर्ज, ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. मुलगी अकरावीत आहे, बँकेत अडीच लाखांची एफडी आहे. गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरते, त्यात महिन्यातून एकदा आंबा घाटातून कोल्हापूर. शेवटी ते लिहितात, ‘८० हजारांच्या गाडीत ६५ हजार घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा ना?’

सर, गाडी विकायला काढली असती तर वेडेपणाच होता. पण तुम्हाला ती चालवायची आहे. तेव्हा तिची किंमत बाजूला ठेवा आणि पुढचं दीड वर्ष कुठली गाडी किती खाते ते बघू. दीड वर्षच का, ते पुढे येईल.

नव्या गाडीचा हप्ता साधारण १२,४५५ रुपये बसतो. पाच वर्षांत व्याजच १ लाख ४७ हजार, म्हणजे वर्षाला २९ हजार. ऑन-रोड किमतीत आरटीओचा ११ टक्के कर आणि विमा आहे, तो पैसा शोरूमच्या दारातच संपला. मूळ किंमत ६ लाख ३० हजार धरू. विमा कंपन्यांच्या तक्त्यात पाचव्या वर्षी गाडी निम्म्या किमतीवर येते, म्हणजे घसारा वर्षाला ६३ हजार. व्याज आणि घसारा मिळून ९२ हजार, गाडी नुसती अंगणात उभी असली तरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, हे खरं. पण तो पुढच्या महिन्यात संपणारा सेल नाही, शोरूमवाल्याने कितीही घाई केली तरी.

आता जुनी. तुमच्या एस्टिमेटचा फोटो मोठा करून वाचला. क्लच सेट ९,५००, सस्पेन्शन १३,५००, रेडिएटर आणि पाइप ६,५००, चार टायर १६,०००, एसीचा कॉम्प्रेसर-कंडेन्सर १९,५००. एसी सोडला तर ४५,५०० होतात. किरकोळ कामं आणि सर्व्हिसिंगचे वर्षाला १५ हजार धरा. दीड वर्षात गाडीची किंमत आणखी ३० हजारांनी उतरेल, तेही धरा. सगळं मिळून वर्षाला साधारण ६५ हजार. म्हणजे जुनी स्वस्त आहे, पण फुकट नाही. फरक पंचवीस-सत्तावीस हजारांचा. एवढ्यासाठी मी कुणाला नव्या गाडीपासून अडवणार नाही.

मी अडवतोय ते मुलीच्या वयामुळे. २०२७ च्या जूनमध्ये तिची ॲडमिशन आणि त्याच महिन्यात गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपणार. त्या वेळी फी, हॉस्टेल, डिपॉझिट एकदम अंगावर येईल आणि हप्त्याची अजून साडेतीन वर्षं उरलेली असतील. एफडी तेव्हा लागणार आहे, तिला आज हात लावू नका.

नोंदणीची धास्ती घेऊ नका. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा समज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. आपल्याकडे आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. त्याची फी ५ हजार, पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या महिना-दोन महिने आधीच अर्ज करा.

मात्र हे सगळं एका अटीवर. कोकणातल्या गाडीचं इंजिन शेवटपर्यंत टिकतं, आधी पत्रा जातो. रुपया खर्च करायच्या आधी गाडी रॅम्पवर चढवायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहा. जॅक लावायच्या जागी, दारांखालच्या पट्टीवर, मागच्या सस्पेन्शनच्या जोडापाशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टण् आवाज आला तर ठीक. भद् आवाज आला किंवा तपकिरी पापुद्रे गळले, तर माझा हिशेब फाडून टाका. पायाखालच्या मॅटही उचलून बघा, कुबट वास आला तर समजायचं, आत ओल शिरलीय. मी स्वतः एकदा वरून सुंदर रंग मारून घेतला होता. सहा महिन्यांत ड्रायव्हरच्या टाचेखाली रुपयाएवढं भोक पडलं.

दुसरी गोष्ट, एस्टिमेटमध्ये ब्रेकचा शब्दच नाही! कोल्हापूर जाऊन-येऊन अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर धरलं, तर तुमचं निम्मं रनिंग घाटाच्या वाटेवर आहे. पुढचे पॅड आणि मागचे लायनर उघडून बघायला सांगा, ब्रेक ऑइल बदला. तुम्ही लिहिलंय की गाडीला एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. ही एकच बाब अशी आहे की जिथे माझे आकडे कमी पडतात. पावसाळ्यात कोल्हापूरला एसटीने जाता आलं तर बघा. ते शक्य नसेल आणि घरातले चौघेही बरोबर असतील, तर चार-पाच वर्षं जुनी, दोन एअरबॅगवाली गाडी आत्ताच शोधायला लागा. तिचा निम्मा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. नवी तरीही नको.

एसीचे साडेएकोणीस हजार लगेच देऊ नका. आधी गॅस कुठून गळतोय ते तपासून घ्या, कधी कधी नुसत्या ओ-रिंगवर, म्हणजे जोडातल्या रबरी कडीवर भागतं. नाही भागलं तर मेमध्ये रत्नागिरीत तुम्ही मला शिव्या घालाल, ते मान्य.

आणि साडेबारा हजारांचा हप्ता झेपेल असं तुम्ही म्हणताच, तर पुढच्या महिन्यापासून तेवढ्याचीच आरडी लावा. दुरुस्तीचे पैसे पगारातून जातील त्या दोन-तीन महिन्यांत ओढाताण होईल, तेव्हा रक्कम कमी करा, पण बंद करू नका. जून २०२७ पर्यंत पावणेदोन-दोन लाख जमतील. ते आधी ॲडमिशनला. उरले तर गाडीचं बोलू.