वीज गेल्यानंतर संगणकावर ‘सीमॉस चेकसम एरर’ आणि निळा पडदा येत असेल, तर फॉरमॅट करावे का?

फॉरमॅटची घाई करू नये. आपण लिहिल्याप्रमाणे सुरुवातीलाच ‘सीमॉस चेकसम एरर’ (साठवलेल्या सेटिंगची पडताळणी जुळत नसल्याचा संदेश) दिसतो, तारीख २०१२ सालात जाते आणि एफ१ दाबून पुढे गेल्यास विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे सांगून निळ्या पडद्यावर अडकते. ही सर्व लक्षणे मदरबोर्डाच्या (संगणकातील मुख्य सर्किट बोर्डाच्या) पुसल्या गेलेल्या सेटिंगकडे बोट दाखवतात.

मालवणात दुरुस्तीचे काम करताना अशा तक्रारी मला पावसाळ्यात अधिक दिसतात. विजा कडाडू लागल्या की आपल्याकडे लोक प्लग काढून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र प्लग जोडलेला असताना बोर्डाला एसएमपीएसकडून (संगणकाच्या वीजपुरवठा करणाऱ्या डब्यातून) थोडा वीजपुरवठा चालू राहतो, तो तुटला की संगणकाच्या घड्याळाचा सगळा भार सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या सेलवर येतो. जुन्या बोर्डांवर बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरील मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगही याच सेलवर टिकून असतात.

म्हणून आधी सेल बदलावा, कारण तो तसाच ठेवून सेटिंग दुरुस्त केल्या तर पुढच्या वेळी वीज गेली की त्या पुन्हा पुसल्या जातील. प्लग काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, जुना सेल काढावा आणि नवा सेल अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवावा. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला टाकून द्यावा. खाऱ्या हवेमुळे सेलच्या खाचेतील पत्र्यावर हिरवट थर चढला असेल, तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसावा, अन्यथा नवा सेलही नीट टेकणार नाही. (नवा सेल घालूनही एरर जात नाही, तेव्हा कारण बहुधा इथेच सापडते.)

त्यानंतर डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जावे, तारीख लावावी आणि साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत; आयडीई ही जुनी, एएचसीआय ही नवी) पाहावा. चेकसम जुळला नाही की बोर्ड मूळ सेटिंग भरतो. जुन्या बोर्डांवर तिथे अनेकदा आयडीई असते, आणि एएचसीआयवर बसवलेल्या विंडोजला त्या मोडचा ड्रायव्हर (डिस्क चालवणारा छोटा प्रोग्राम) सुरुवातीला मिळत नसल्याने निळा पडदा येतो. एएचसीआय निवडून एफ१० ने सेव्ह करावे. निळ्या पडद्याऐवजी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला, तर बूट मोड तपासावा, कारण जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवण्याची नवी पद्धत) असलेल्या डिस्कवरील विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या, बूट मोडमध्ये सुरू होत नाही.

बायोसच्या यादीत डिस्कचे नावच नसेल, तर साटाची केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे संरक्षण) चालू असल्यास या बदलांनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असेल तर मोबाइलवरूनही पाहता येते, तेव्हा काम सुरू करण्यापूर्वीच ती उतरवून घ्यावी.