मेलमधली कागदपत्रं गेली कुठे?

प्रश्न : काही मेलसोबत ‘स्माइम.पी७एस’ नावाची फाइल येते, तरी मजकूर वाचता येतो. एका मेलमध्ये मात्र फक्त ‘स्माइम.पी७एम’ आहे, बाकी कोरं. जोडलेली कागदपत्रं कुठे आहेत?

उत्तर : पी७एस ही पाठवणाऱ्याची डिजिटल सही. ती उघडायची नसते. मजकूर वाटेत बदलला का, हे मेल प्रोग्राम तिच्यावरून तपासतो. एखाद्या सर्व्हरने तळाशी सूचनेची एक ओळ चिकटवली तरी सही अवैध ठरते. असा इशारा दिसला तर पाठवणाऱ्याला फोन करून खात्री करा.

पी७एममध्ये मजकूर आणि कागदपत्रं एकत्र बंद असतात, बहुतेकदा कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी. मग ती फक्त तुमच्या खासगी किल्लीने, म्हणजे तुमच्याकडच्या गुप्त डिजिटल संकेताने उघडतात. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मॅनेज सर्टिफिकेट्स, युवर सर्टिफिकेट्स असं जाऊन पी१२ फाइल (प्रमाणपत्र म्हणजे तुमचं डिजिटल ओळखपत्र आणि किल्ली एकत्र ठेवणारी) इम्पोर्ट करा. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, किल्ली त्यात हवीच. प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून जुनी किल्ली कृपया पुसू नका, जुने मेल कायमचे बंद होतील. आणि विषयाची ओळ सहसा उघडीच जाते, तिथे गुपित लिहू नका.