दुसऱ्याच्या नावाचे पदक

«ताई, माझे सासरे ८३ वर्षांचे आहेत. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात सगळे त्यांना 'सुभेदार' म्हणतात. गोवा मुक्तीच्या वेळी आपण फौजेत होतो, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. दर १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, कोटावर पदक लावून ते शाळेतल्या झेंडावंदनाला जातात आणि आदल्या रात्री सासूबाई त्या पदकाला ब्रासो लावून ठेवतात. माझा सतरा वर्षांचा मुलगा एनडीएच्या परीक्षेची तयारी करतो. गेल्या महिन्यात त्याने ते पदक निरखून पाहिले, तेव्हा फितीवरून ते कारगिलच्या वेळचे निघाले, आणि कडेवर दुसऱ्याच कोणाचा क्रमांक, हुद्दा व नाव कोरलेले दिसले. सासरे एका सैनिकी आस्थापनेच्या भांडारात मुलकी कामगार होते, हे आम्हाला आता कळते आहे. यंदा गावच्या मंडळाने 'माजी सैनिक' म्हणून त्यांचा सत्कार ठरवला आहे. आमचे हे म्हणतात, या वयात कशाला दुखवायचे? मुलगा आजोबांशी बोलेनासा झाला आहे. मी काय करू? सासरे कधी कधी एकटे असताना बाणस्तारीच्या होड्यांविषयी पुटपुटतात, तेही कळत नाही. – एक सून»

प्रिय भगिनी,

तुमच्या मुलाचे निरीक्षण बरोबर आहे. १९६१ साली गोव्यात झालेल्या आणि १९९९ साली कारगिलमध्ये झालेल्या अशा दोन्ही कारवायांचे नाव 'ऑपरेशन विजय' हेच असल्यामुळे अनेकांची गल्लत होते, आणि तुमच्या सासऱ्यांचीही ती झाली असावी. गोव्यातल्या कारवाईत भाग घेतलेल्या सैनिकांना त्या नावाचे वेगळे पदक मिळाले नव्हते. त्यांना जनरल सर्व्हिस मेडल आणि त्याच्या फितीवर 'गोवा १९६१' अशी धातूची पट्टी मिळाली. ऑपरेशन विजय पदक हे कारगिलच्या मोहिमेचे आहे, आणि तेव्हा तुमचे सासरे साठीला टेकले होते. एवढे वाचून तुमच्या मनात शंका उरू नये; उरलीच, तर डिस्चार्ज बुक कुठे आहे, एवढेच विचारावे. फौजेतून सुटलेला माणूस एक वेळ घराची कागदपत्रे हरवेल, पण ते पुस्तक हरवणार नाही. खरा सैनिक आपल्या पराक्रमाविषयी कधी बोलत नाही, असे पुष्कळ लोक सांगतात, ते मात्र कसोटी म्हणून धरू नका. माझ्या माहेरी एक निवृत्त हवालदार होते, ते जेवणाच्या पंगतीत वाढपी तिसऱ्यांदा आमटी घेऊन आला तरी चौकीवरची हकीकत थांबवत नसत, आणि त्यांचा शब्द न् शब्द खरा होता.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे वळते. म्हातारपणी दुखवू नये, हा विचार प्रेमाचा आहे, आणि सासऱ्यांनी नुसत्याच गोष्टी सांगितल्या असत्या, तर कदाचित मीही तुम्हाला कानाडोळा करायला सांगितले असते. भांडारात पोती मोजणाऱ्या, फौजींच्या सहवासात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी तरी एकदा गमतीने 'सुभेदार' म्हटले असेल, त्याने ते खोडून काढले नसेल, आणि पुढे खोडायची सोयच राहिली नसेल. अशी खोटी प्रतिष्ठा बहुतेक वेळा कोणी ठरवून मिळवत नाही, ती न बोलल्यामुळे अंगावर चढत जाते. परंतु पदकाचे तसे नाही. ते त्यांनी कुठून तरी आणले, कोटाला लावले, आणि त्याच्या कडेवर एका माणसाचे नाव आहे. तो माणूस आज जिवंत आहे की नाही, त्याच्या घरच्यांनी ते अडचणीपायी विकले की ते चोरीला गेले, हे तुम्हाला किंवा मला ठाऊक नाही. तुमच्या यजमानांना वडिलांचे मन दिसते, ते योग्यच आहे. मात्र या प्रकरणात दुखावला जाऊ शकेल असा आणखी एक माणूस आहे, त्याचे नाव तुमच्याच घरात कोरलेले आहे, आणि त्याचा विचार अजून कोणीच केलेला दिसत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात सांगते. आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे, या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा त्याच्यासारखे चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. १ जुलै २०२४ पूर्वी या गुन्ह्याची तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये होती. हे तुम्हाला माहीत असावे म्हणून लिहिले. ८३ वर्षांच्या माणसासमोर हे कलम नाचवू नका. माजी सैनिक म्हणून त्यांनी एखादी सवलत, भूखंड किंवा आर्थिक मदत घेतली असेल, तर मात्र प्रकरण घरातल्या घरात मिटवण्यासारखे राहत नाही, तेव्हा आधी वकिलाचा सल्ला घ्या. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही.

सुरुवात सासूबाईंपासून करा. इतकी वर्षे ज्या हातांनी ते पदक घासले, त्या हातांना कडेवरचे नाव लागले नसेल, हे मला पटत नाही. त्या बोलू लागल्या, तर ते पदक कुठून आले, हे बहुधा त्यांच्याकडूनच कळेल. त्यानंतर सासऱ्यांशी तुमच्या यजमानांनी बोलावे, तुम्ही नाही. मुलाने वडिलांना विचारणे आणि सुनेने सासऱ्यांना विचारणे यात आपल्याकडे किती अंतर आहे, हे तुम्हाला सांगायला नको. चारचौघांत नको, सत्काराच्या आदल्या दिवशी नको, आणि नातू समोर असताना तर मुळीच नको. "बाबा, या पदकावरचे नाव आम्ही वाचले. ते ज्याचे आहे, त्याला परत करायचे आहे," एवढ्या दोन वाक्यांवर थांबावे. 'तुम्ही खोटे बोललात' हे वाक्य उच्चारण्याची गरज नाही, कारण ते त्यांना कोणाहीपेक्षा अधिक माहीत आहे. ते चिडतील, चार दिवस जेवणाच्या पाटावर येणार नाहीत. येऊ द्या त्यांच्या वेळेने.

सत्कार मात्र थांबलाच पाहिजे, यात तडजोड नाही. जाहीर कबुलीची मागणी मी करणार नाही. पण मंडळाच्या अध्यक्षांना यजमानांनी एकट्याने भेटून खरे ते सांगावे, म्हणजे निमंत्रणपत्रिकेवर 'माजी सैनिक' हे शब्द छापले जाणार नाहीत. सासरे हट्टाला पेटले, तरीही हे करावे लागेल. गोवा मुक्तीच्या कारवाईत अंजदीव बेटावर १९६१ साली आपल्या नौदलाचे सात जण कामी आले. १९ डिसेंबरच्या मंडपात त्यांची आठवण निघते, आणि त्याच मंडपात ही शाल घेतली जाऊ नये.

तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे की, सासरे कधी कधी एकटे असताना बाणस्तारीच्या होड्यांविषयी पुटपुटतात. त्यांचे मूळ गाव त्या बाजूचे असेल, तर लक्ष द्या. १९६१ च्या त्या कारवाईत पोर्तुगिजांनी बाणस्तारीचा पूल उडवून दिला होता, आणि आपल्या फौजेला तिथे पाणी ओलांडावे लागले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्या दिवशी त्यांनी काय पाहिले, काय केले, हे नातवाने विचारावे. अबोला सोडायला त्यालाही काही निमित्त हवे आहे. अर्थात होडीची गोष्टही वर्षांगणिक वाढलेली असू शकते, तेव्हा त्यांच्या पिढीतले कोणी गावी हयात असेल, तर त्यांच्याकडूनही ऐकून घ्या.

पदकाच्या कडेवरचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कागदावर उतरवून घ्या, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र काढा, आणि पणजीला राज्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात यजमानांनी स्वतः जाऊन ते दाखवावे. क्रमांकावरून संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयापर्यंत पोहोचता येते. तोवर ते कापडात गुंडाळून ठेवा, आणि सासूबाईंना सांगा की आता ब्रासो लावू नका, त्याने अक्षरे झिजतात.

तुमची,
ताई