चेंडू सोडून बघ

अमेरिकन फुटबॉलमधले दुर्लक्षित खेळाडू हेरायचेत ना? मग आधी चेंडूवरची नजर काढ. नवख्यांची पहिली चूक हीच. दुसरी म्हणजे टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) मोजून माणूस जोखणं.

– पुढच्या सामन्यात फक्त लेफ्ट टॅकल, म्हणजे चेंडू हातात असलेल्या संघाच्या पुढच्या रांगेतला डावीकडचा गडी बघ. उजव्या हातानं चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा धसमुसळा गडी तोच अडवतो. समालोचक त्याचं नावच घेत नसेल, तर समज काम चोख चाललंय. क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचा लेफ्ट टॅकल ‘जो थॉमस’ २००७ ते २०१७ सलग १०,३६३ स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारी एकेक खेळी) खेळला, एकही न चुकवता. आणि प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेरीचा) एक सामनासुद्धा नशिबी नाही! (माझा लाडका, म्हणून जरा जास्तच बोलतोय.)

– ड्राफ्टच्या (संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात त्या) क्रमाला भुलू नकोस. नावाजलेला सेंटर (पुढच्या रांगेतला मधला गडी) जेसन केल्सी सहाव्या फेरीतला, म्हणजे बराच उशिरा निवडलेला.

किचकट आकडेवारी पुढच्या हंगामात बघू.