निवड झाली नाही, आता काय?

प्रश्न : ताई, आम्ही चौघा मित्रांनी मिळून पहिला चित्रपट केला. शनिवार-रविवार गाठून भोर तालुक्यात शूटिंग, असं तीन वर्षं. 18 लाख गेले, त्यात माझ्या आत्याने मोडलेली एफडी आहे. लांबी 1 तास 52 मिनिटं. दोन महोत्सवांनी नकार कळवला, तिसऱ्याचं अजून काही नाही. बाबा रोज विचारतात, ‘लागणार कधी?’ एक मित्र म्हणतो, सरळ यूट्यूबवर टाकू; महोत्सव म्हणजे त्याच त्या शंभर माणसांनी एकमेकांची पाठ थोपटणं. वाट बघू की टाकून मोकळा होऊ?
— एक वाचक, वारजे

उत्तर : मित्राचं अर्धं खरं आहे. पाठ थोपटणं चालतं. मीही थोपटली आहे, थोपटूनही घेतली आहे. पण यूट्यूबवर आत्ता टाकू नकोस. कारण निव्वळ व्यवहाराचं आहे. पहिला खेळ आमच्याकडेच व्हायला हवा, निदान चित्रपट नेटवर आलेला नको, अशी बऱ्याच मोठ्या महोत्सवांची अट असते. एकदा सगळ्यांना फुकट खुला केलास की ती दारं लागली. यूट्यूब कुठे पळून जात नाही.

आता दुसरं, जे तू विचारलेलं नाहीस. 1 तास 52 मिनिटं? खरंच?

मी संकलक आहे, त्यामुळे लांबी ऐकली की हात शिवशिवतात. पण हे मी टेबलावर शिकले नाही, महोत्सवातच शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच मित्रामित्रांत पैसे जमवून केलेला एक चित्रपट मी कापला होता. त्यात आई तांदूळ निवडते असा चार मिनिटांचा प्रसंग होता. दिग्दर्शकाचा जीव त्यात, माझाही. घरच्यांना दाखवला, मित्रांना दाखवला. सगळे म्हणाले, वा. मग पुण्यातच एका महोत्सवात सकाळचा पहिला खेळ मिळाला. मी मुद्दाम मागच्या रांगेत बसले. तांदूळ सुरू झाले आणि दुसऱ्या मिनिटाला खुर्च्या करकरायला लागल्या. मग एक मोबाइल उजळला, मग दुसरा. मी मोजले, अकरा. कुणी उठून गेलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. तिथे आम्हाला ओळखणारंच कुणी नव्हतं. खेळ संपल्यावर काखेत हेल्मेट धरलेला एक माणूस आला आणि विचारलं, ‘ती आई शेवटी जेवते का हो?’ तो शॉट आम्ही काढून टाकला होता. त्या रात्री दिग्दर्शक आणि मी दीड वाजेपर्यंत भांडलो. चार मिनिटांचं दीड मिनिट झालं आणि आई जेवली.

माझ्या मते महोत्सवाचं पहिलं काम हे. ज्यांना आपली आत्या माहीत नाही, एफडी माहीत नाही, अशा दोनशे माणसांसमोर चित्रपट काळोखात एकदा चालवून बघणं. आणि ठरलेल्या तारखेला! छोट्या चित्रपटामागे निर्मात्याचा तगादा नसतो, तो वर्षानुवर्षं ‘होतोय’. प्रवेशिकेची शेवटची तारीख आली की ध्वनिमिश्रणही होतं आणि इंग्रजी सबटायटलंही. (सबटायटलं पुतण्याकडून करून घेऊ नकोस. ‘अगं बाई’चं ‘ओ वुमन’ झालेलं मी मोठ्या पडद्यावर पाहिलंय.)

आणखी एक सोय. थिएटरात लावायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सव मात्र दाखवायच्या चित्रपटांसाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. म्हणजे तो खर्च आणि ती धावपळ करण्याआधी चित्रपट कुठे उभा आहे हे तुला कळू शकतं.

आता मित्राच्या त्या पाठ थोपटण्याबद्दल. महोत्सवात तेवढंच होतं असं नाही. 1952 साली आपल्याकडे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, मुंबईत सुरू होऊन पुढे इतर शहरांत फिरला. तिथे इटालियन चित्रपट आले. स्टुडिओबाहेर, खऱ्या रस्त्यावर, साध्या माणसांना घेऊनही चित्रपट होतो हे आपल्या लोकांनी पडद्यावर पाहिलं. दिग्दर्शक बिमल रॉय त्यातला ‘बायसिकल थीव्ह्ज’ बघून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. उलटा प्रवास, म्हणजे आपला चित्रपट तिकडे जाणं, त्याहून जुना आहे. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1936चा. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभातच्या त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे ‘पिफ’मध्ये, उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार ‘संत तुकाराम’ या नावाने देतात, आणि जगभरच्या चित्रपटांमधून निवडलेल्याला ‘प्रभात’ पुरस्कार.

पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर महोत्सव देत नाही, हे आधीच सांगून ठेव. फार तर दार किलकिलं करून देतो. ‘कोर्ट’ला सप्टेंबर 2014मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले, आपल्याकडे तो लागला एप्रिल 2015मध्ये, मधल्या काळात राष्ट्रीय पुरस्कारही जाहीर झाला. ‘स्थळ’ सप्टेंबर 2023मध्ये टोरांटोला नावाजला गेला, थिएटरात यायला मार्च 2025 उजाडला. दीड वर्षं! ‘साबर बोंडं’ला 2025च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचा मोठा पुरस्कार, थिएटर सप्टेंबरमध्ये. आणि हे जिंकलेले. न जिंकलेल्यांना कुणी विचारतही नाही, आणि जिंकलेल्यांनाही थिएटरवाले दुपारी पावणेदोनचा खेळ देतात, तोही एका आठवड्यापुरता. याबद्दल मी बोलायला लागले तर हे सदर पुरायचं नाही.

तेव्हा काय कर. चित्रपट 1 तास 35 मिनिटांवर आण, दुखेल. नोव्हेंबरात गोव्याच्या महोत्सवाला लागून फिल्म बाजार भरतो, 2007पासून; आता त्याचं नाव ‘वेव्हज फिल्म बाजार’. तिथे अर्धवट झालेले चित्रपटही जाणत्यांना दाखवून सल्ला घेता येतो, त्याचे नियम वाच. आपल्या गावाजवळचे महोत्सव हलके समजू नकोस; तिथे कोल्हापूर-नाशिककडचे फिल्म सोसायटीवाले येतात आणि खेळ लावतात. परदेशात मात्र फी भरत सुटू नकोस. एका ठिकाणी आम्ही अडीच हजार भरले. सहा महिन्यांनी नकाराचं पत्र आलं, त्यात चित्रपटाचं नाव दुसऱ्याच कुणाचं होतं.

निवड झाली की बाबांना आणि आत्याला घेऊन जा. पण त्यांच्या शेजारी बसू नकोस, मागे बस.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. दर वर्षी महोत्सवाचा पास काढतो, तासभर रांगेत उभा राहतो, आणि आत गेल्यावर तरुण मंडळींनी रुमाल टाकून सहा-सहा जागा धरलेल्या. एवढं करून बघितलेला चित्रपट पुन्हा कुठे बघायलाही मिळत नाही. मग ही रांग लावून मिळतं काय?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, रुमाल सरळ उचला आणि बसा. मी तेच करते. रुमाल घडी करून मालकाला परत द्यायचा, म्हणजे भांडण होत नाही.

रांगेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. छोट्या चित्रपटाची जाहिरात तुमच्या त्या रांगेतच होते, दुसरीकडे पैसे कुठून आणणार? ‘पिफ’ 2002मध्ये सुरू झाला, तेव्हापासून मी या रांगा बघते आहे. पुढे थर्मास घेतलेल्या एक बाई असतात. पुस्तिकेत पेन्सिलीने खुणा करून आलेल्या, दोन खुणा म्हणजे चुकवू नका. त्यांनी ‘तो कालचा इराणी बघितलात का?’ म्हटलं की दुपारच्या खेळाला पायऱ्यांवर माणसं बसतात. त्या बाईंना कुणी परीक्षक नेमलेलं नाही. बघायला न मिळणाऱ्या चित्रपटांची तुमची तक्रार रास्त आहे. अशा वेळी आपल्या भागातल्या फिल्म क्लबला नाव कळवा. दहा जणांनी कळवलं तर ते खटपट करतात.

प्रश्न : पास आहे म्हणून दिवसाला पाच चित्रपट बघावेत का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तीन. चौथ्याला मी झोपते. मागे एकदा शेजारच्या गृहस्थांनी दिवे लागल्यावर हलवून उठवलं आणि म्हणाले, ‘छान होता, शेवटी म्हातारा परत येतो.’