‘काय सांगता!’ला इंग्रजीत काय म्हणावं?

या खेपेच्या टपालात एक गंमत झाली. चार पत्रं चार गावांची, पण विषय एकच निघाला: भरवसा. कुणाचा कुणावर आहे, कुणाचा उडालाय, आणि ते इंग्रजीत सांगायचं कसं. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत, राग मानू नये.

बाई, नमस्कार. माझी मुलगी लातुरात राहून नीटची तयारी करत होती. परीक्षेच्या आदल्या रात्री मी तिला ‘आय बिलीव्ह यू’ असा मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, ‘बाबा, पण मी तर काहीच सांगितलं नाही!’ माझं काय चुकलं?
– एक वडील, अहमदपूर

तुमचा एक ‘इन’ राहिला. ‘आय बिलीव्ह यू’ म्हणजे तू आत्ता जे सांगितलंस ते मला खरं वाटतं. पोरगी घरी येऊन ‘पेपर लई अवघड होता’ म्हणाली असती, तर हे वाक्य शोभलं असतं. आदल्या रात्री तुम्हाला म्हणायचं होतं की तू करशील, मला खात्री आहे. त्याला ‘आय बिलीव्ह इन यू’.

हाच ‘इन’ देवाला लागतो आणि भुतालाही लागतो. ‘डू यू बिलीव्ह इन घोस्ट्स?’ म्हणजे भूत असतं असं मानता का? ‘इन’ काढून टाकला तर भूत काहीतरी सांगत बसलंय आणि ते तुम्हाला पटतंय, असा अर्थ होईल. ‘ट्रस्ट’ आणखी वेगळा. पोरावर ‘बिलीव्ह इन’ असतंच प्रत्येक बापाचं, पण मोटारसायकलची किल्ली हातात द्यायला ‘ट्रस्ट’ लागतो.

आणि ‘आय अ‍ॅम बिलीव्हिंग’ म्हणू नका. विश्वास ठेवणं हे भाकरी थापण्यासारखं चालू काम नाही, इंग्रजीच्या लेखी तरी.

आमचं छत्रपती संभाजीनगरात हिमरू शालींचं छोटं दुकान आहे. इंग्लंडातल्या एका गिऱ्हाइकाला सहा शाली पाठवल्या, पोचल्या पाच. त्यानं पाठवलेल्या फोटोत पार्सलची चिकटपट्टी दोनदा लावलेली दिसते. मी मेल केला, ‘आय डाउट दॅट द कुरिअर मॅन ओपन्ड द पार्सल.’ त्याचं उत्तर: ‘इफ ही डिडन्ट, यू मस्ट हॅव पॅक्ड ओन्ली फाइव्ह.’ वर एका शालीचे पैसे परत मागतोय. कुरिअरवाल्यानं पार्सल उघडलं नाही, असं मी कधी म्हणालो?
– एक दुकानदार

म्हणालात. अगदी तसंच म्हणालात.

मराठीत ‘त्यानं पार्सल उघडलं असा मला संशय आहे’ म्हटलं की बोट कुरिअरवाल्याकडे जातं. इंग्रजीत ‘डाउट’ म्हटलं की बोट त्याच्यावरून उठतं. ‘डाउट’चा कल कायम ‘नाही’कडे. ‘आय डाउट इट विल रेन टुडे’ म्हणजे आज पाऊस पडेलसं वाटत नाही. (पेरण्या खोळंबल्या की आपल्याकडे हे वाक्य रोज लागतं.) ‘होय’कडे झुकणारा शब्द ‘सस्पेक्ट’. ‘आय सस्पेक्ट इट विल रेन’ म्हणजे पडेल असं दिसतंय. तुम्हाला लिहायचं होतं, ‘आय सस्पेक्ट द कुरिअर मॅन ओपन्ड द पार्सल.’ एक शब्द चुकला आणि ती सहावी शाल तुमच्याच गळ्यात पडली.

दोष तुमचा एकट्याचा नाही. शाळेत आम्हीच फळ्यावर ‘डाउट म्हणजे शंका, संशय’ असं लिहून मोकळे झालो. मी स्वतः एकतीस वर्षं लिहिलं. मराठीतला ‘संशय’ दोन्ही बाजूंनी धावतो. ‘तो येईल की नाही, संशयच आहे’ यात तो नकाराकडे जातो आणि ‘संशयित आरोपी’त होकाराकडे. इंग्रजीनं या दोन बाजूंना दोन वेगळे बैल जुंपलेत. फळ्यावर हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

‘बाई, डाउट आहे’ ही आणखी एक भानगड. आपल्या वर्गांत ‘डाउट’ म्हणजे सरळ प्रश्न, आणि इथं ते इतकं रुळलंय की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मात्र समोरचा इंग्लंडचा असेल तर ‘आय हॅव अ डाउट’ ऐकून त्याला वाटतं, आपलं म्हणणं या गृहस्थाला पटलेलं नाही. त्याच्यापुढं ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावं.

त्या शब्दातला न उच्चारायचा ‘बी’ पोरांना फार छळतो. शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. मूळ लॅटिन शब्दात तो होता, म्हणून पुढं विद्वानांनी स्पेलिंगमध्ये आणून बसवला. लग्नात मानासाठी बोलावलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा तो पंगतीत बसतो, कामाला उठत नाही.

आता मेल असा करा: ‘सॉरी, आय यूज्ड द राँग वर्ड. आय सस्पेक्ट ही ओपन्ड इट. वुई पॅक्ड सिक्स.’ सोबत पॅकिंगच्या वेळचं वजन आणि त्यानंच पाठवलेला चिकटपट्टीचा फोटो जोडा. तो तेवढ्यावर पैशांची मागणी सोडेल का, असं विचाराल तर: ‘आय डाउट इट.’

मी नांदेडची, नोकरीला पुण्यात. आमच्या टीममध्ये लंडनची एक बाई ऑनलाइन असते. ती म्हणाली, तिची मांजर टीव्ही बघते. मी हसत ‘यू आर लायिंग!’ म्हटलं, तर ती एकदम गप्प झाली. आपल्या ‘चल, खोटं!’ला मग म्हणायचं तरी काय?

अगं, आपलं ‘चल, खोटं!’ म्हणजे कौतुक असतं. माझी आई प्रत्येक बातमीला ‘काय बी सांगायलास!’ म्हणायची आणि पाट पुढं सरकवून पूर्ण बातमी ऐकायची. पण ‘लाय’ हा शब्द इंग्रजीत भलता जड. ब्रिटिश संसदेत एका सदस्यानं दुसऱ्याला खोटारडा म्हटलेलं चालत नाही, शब्द मागं घ्यावा लागतो. चर्चिल यांनी 1906 साली तिथंच ‘टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड’ असा लांबलचक शब्दप्रयोग केला. शब्दशः अर्थ, परिभाषेतली अचूकतेची उणीव. पुढं लोकांनी तो ‘खोटं’ या शब्दाचं सोवळं नेसलेलं रूप म्हणून उचलला.

म्हणून माणसाला हात लावू नये, बातमीला लावावा. ‘आय डोन्ट बिलीव्ह यू’ माणसाला लागतं. ‘आय डोन्ट बिलीव्ह इट!’ किंवा ‘आय कान्ट बिलीव्ह इट!’ हे बातमीबद्दलचं आश्चर्य, आणि गंमत म्हणजे म्हणणाऱ्याचा बातमीवर बहुधा पूर्ण विश्वास बसलेला असतो. मांजरीला ‘नो वे!’, ‘रिअली?’, ‘यू आर किडिंग!’ यातलं काहीही चाललं असतं.

या ‘यू आर किडिंग’वरून मी स्वतः एकदा तोंडघशी पडले आहे. 2016चा एप्रिल. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते दिवस. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. भाचा मँचेस्टरला असतो. व्हिडिओ कॉलवर त्याचा शेजारी बसला होता, त्याला मी हे सांगितलं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून, गाडीनं, प्यायचं पाणी. तो म्हणाला, ‘यू आर किडिंग!’ माझं डोकंच फिरलं. इथं घागरी रांगेत लावून कंबर मोडली आणि याला मी थट्टा करतेय असं वाटतं? ‘व्हाय शुड आय किड?’ असं मी ताडकन सुनावलं. बिचारा गोरामोरा झाला. नंतर भाचा म्हणाला, ‘मावशी, तो फक्त “काय सांगता!” म्हणाला होता.’ इंग्रजीची बाई, निवृत्त, आणि हे एवढं कळू नये! आपणही ‘काय सांगता’ म्हणतो तेव्हा समोरचा काय सांगतोय ते विचारत नसतोच की.

‘पुलिंग माय लेग’ जपून वापर. इंग्रजीत ती निव्वळ फिरकी. आपल्याकडे पाय ओढतात ते वर चढणाऱ्याला खाली आणायला. ब्रिटनमध्ये याचं पुढचं पाऊलही आहे: ‘पुल द अदर वन, इट्स गॉट बेल्स ऑन.’ म्हणजे हा पाय सोड, दुसरा ओढ, त्याला घुंगरू बांधलेत. पण तिच्याशी दोस्ती चांगली मुरल्याशिवाय हे बोलू नकोस.

आज तिला एवढंच लिही: ‘आय मेन्ट “नो वे!” टेल मी मोअर अबाउट द कॅट.’ ती फोटो पाठवेल.

मी वार्ताहर आहे, हिंगोली. मराठीत ‘म्हणे’ जोडलं की बातमीची जबाबदारी आपल्या अंगावर राहत नाही. इंग्रजीत असा शब्द आहे का?

एकच नाही, पाच-सहा आहेत, आणि तुम्हा मंडळींना सगळे लागतील. बोलताना सर्वांत जवळचा ‘अ‍ॅपरंटली’. ‘अ‍ॅपरंटली ही हॅज रिझाइन्ड’ म्हणजे त्यानं राजीनामा दिला म्हणे. ‘रिपोर्टेडली’ बातमीतला, ‘अलेज्डली’ पोलिसांतला आणि कोर्टातला. आरोप सिद्ध होईपर्यंत तो सोडू नका. ‘सपोजेडली’त मात्र नाक मुरडलेलं असतं. तो स्वतःला पुढारी समजतो म्हणे, त्यातला ‘म्हणे’. साध्या बोलण्यातलं ‘आय बिलीव्ह’ही याच घरातलं. ‘आय बिलीव्ह द ऑफिस इज क्लोज्ड’ यात श्रद्धा वगैरे काही नाही, माझ्या माहितीप्रमाणे कचेरी बंद आहे, एवढंच.

आणि शब्दांपेक्षा सूर ऐका. ‘येह, राइट’ ही दोन्ही होकाराची पदं, पण ओढून म्हटली की अर्थ ‘व्हय व्हय, आलं ध्यानात तुझं’. ऑस्टिन नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ न्यूयॉर्कला व्याख्यानात म्हणाले म्हणे, की दोन नकारांचा होकार होतो, पण दोन होकारांचा नकार कुठल्याच भाषेत होत नाही. तेव्हा मागच्या रांगेतून मॉर्गनबेसर नावाच्या प्राध्यापकांचा कंटाळलेला आवाज आला म्हणे: ‘येह, येह.’

मी त्या सभेला नव्हते, म्हणून दोनदा ‘म्हणे’ लिहिलंय. छापताना ते गाळू नये, ही संपादकांना विनंती.