पीडब्ल्यूएमने वेग कमी केला की मोटरचा टॉर्कही जातो का?

१२ व्होल्टची डीसी मोटर २५ टक्के ड्यूटीवर (म्हणजे पाव वेळच सप्लाय चालू असताना) नुसती गुणगुणते, फिरत नाही, म्हणून पीडब्ल्यूएम, म्हणजे सप्लाय झपाट्याने चालू-बंद करणं, टॉर्क (फिरवण्याचा जोर) खातं का असं तुम्ही विचारलंय.

तसं नाही. टॉर्क ठरतो वाइंडिंगमधल्या (मोटरच्या तारेच्या गुंडाळीतल्या) करंटवरून, पीडब्ल्यूएम फक्त सरासरी व्होल्टेज खाली आणतं. चालत्या मोटरची ड्यूटी कमी केली की ती मंदावते, तिचा बॅक ईएमएफ (फिरताना ती स्वतःच तयार करते ते उलटं व्होल्टेज) घटतो आणि लोडला लागतो तेवढा करंट पुन्हा वाहू लागतो. लोड तोच तर टॉर्कही तोच. कमी होते ती टॉर्कची कमाल मर्यादा, आणि जागची हलताना नेमकी तीच लागते.

माझ्याकडच्या एका मोटरचं वाइंडिंग १.५ ओहम भरतं. शाफ्ट अडवून पूर्ण १२ व्होल्ट दिले तर ८ अँपिअर. २५ टक्क्यांवर सरासरी ३ व्होल्ट, म्हणजे २ अँपिअर, टॉर्क चौथाई. ब्रश आणि गिअरचं घर्षण त्याहून भारी असलं की मोटर हलत नाही. मोटर चालवणारी ड्रायव्हर चिप एल२९८एन असेल तर दोनेक व्होल्ट तोच गिळतो, ते वेगळंच.

खरी गंमत फ्रिक्वेन्सीत, म्हणजे सेकंदाला किती पल्स यात आहे. या मोटरचा इंडक्टन्स (करंटच्या बदलाला वाइंडिंगचा विरोध) साधारण १ मिलीहेन्री, म्हणजे करंट चढायला-उतरायला पाऊण मिलिसेकंदाच्या आतबाहेर वेळ. २० किलोहर्ट्झला करंटला हलायला सवडच मिळत नाही, तो २ अँपिअरवर जवळपास सपाट राहतो. १०० हर्ट्झला मात्र प्रत्येक पल्समध्ये ८ अँपिअरच्या जवळ जाऊन शून्यावर येतो. सरासरी तीच, पण शाफ्ट चिमटीत धरलात तर बोटांना थरथर कळते. त्या धक्क्यांनीच चिकटलेली मोटर सुटते. मात्र वाइंडिंग जवळजवळ तिप्पट तापतं, कारण उष्णता करंटच्या वर्गावर जाते.

मी स्वतः फ्रिक्वेन्सी वरच ठेवतो आणि सुरुवातीला ५०-१०० मिलिसेकंद पूर्ण ड्यूटी देऊन मग खाली आणतो. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. फ्रीव्हीलिंग डायोड हवाच. पल्स बंद असताना करंट त्यातून फिरत राहतो. म्हणूनच मोटरमध्ये २ अँपिअर असताना सप्लायचा मीटर अर्धाच अँपिअर दाखवतो. मी पहिल्यांदा तो मीटरच बिघडला समजून बदलला होता.